तबीथाचे टोले

तबीथा गेली हे मला कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडत होतो.

माझा चष्मा सापडत नव्हता. सकाळचे नऊ वाजले होते. ती अंगणात खुर्चीवर बसून मेथी निवडत होती आणि मी आतून विचारत होतो, माझा चष्मा कुठे ठेवलास. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा जरा जास्तच आवाज चढवला. तरी उत्तर नाही. एक्कावन्न वर्षांच्या संसारात माझं एकही वाक्य तिने उत्तराशिवाय जाऊ दिलं नव्हतं. मी चर्चमध्ये आमेन म्हणालो तरी ती म्हणायची, "जरा हळू."

बाहेर आलो. तिची मान एका बाजूला कलली होती. मांडीवरच्या ताटात निम्मी मेथी निवडलेली, निम्मी तशीच. आणि माझा चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

मी शेजारच्या सगुणावैनींना हाक मारली. सगुणावैनी तबीथाची लहानपणापासूनची मैत्रीण. आमचं लग्नही त्यांनीच जुळवलेलं. त्या आल्या, तिच्या नाकासमोर हात धरला, मनगट चाचपलं, आणि मग चष्मा हळूच काढून माझ्या हातात दिला.

"घे. यापुढे तुझा तूच शोधायचा," त्या म्हणाल्या आणि तिथेच जमिनीवर बसून रडू लागल्या.

ही दोन हजार तेराच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आम्ही नगर जिल्ह्यातल्या खडकगावच्या मिशन कंपाउंडात राहायचो. मी दवाखान्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो आणि तबीथा मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन. चार फूट आठ इंच उंची, पण तिने व्हरांड्यात नुसतं खाकरलं तरी साठ मुली अंथरुणात उठून बसायच्या. आम्हाला एकच मुलगी, करुणा. ती पुण्यात नर्स आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, मी निघाले, साडेबारापर्यंत पोचते. दफन चारला ठरलं.

आता आमच्या मंडळीतली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुणी वारलं की त्याची पेटी चर्चच्या फाटकात आल्यावर घंटेचे टोले देतात. जितकी वर्षं वय, तितके टोले. ही रीत गोऱ्या साहेबांच्या वेळेपासूनची. टोले पडत असताना सगळी मंडळी मान खाली घालून उभी राहते. बघणाऱ्याला वाटावं की प्रार्थना चालली आहे. चाललेली असते मोजणी. पदराखाली, खिशात, गीतांच्या पुस्तकामागे बोटांची पेरं चाललेली असतात. नाथन साळवे गेला तेव्हा एक्क्याऐंशी टोले पडले, आणि त्याच्या धाकट्या भावाने फाटकातच पाळकांना धरलं, "साहेब, मी ब्याऐंशीचा आहे, हा माझ्याहून लहान कसा?" त्यानंतर वर्षभर दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

तबीथाला एकाहत्तर टोले पडायला हवे होते. जन्म चार ऑगस्ट एकोणीसशे बेचाळीस. मी पंचाहत्तरचा होतो, ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी दहा वाजता एस्तेरबाई शिरसाठ आल्या आणि त्यांनी तेच विचारलं.

एस्तेरबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. वय शहात्तर, आणि हे वय त्या स्वतःहून सांगायच्या, कारण त्याला मान होता. आमच्याकडे नाताळचा केक मंडळीतल्या सर्वांत वडील बाईने कापायचा असतो. सहा वर्षं तो एस्तेरबाई कापत होत्या. तबीथा शेजारी बशा घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "कापा बाई, तुमचा मान." आणि एस्तेरबाई सुरी हातात धरून आधी तिच्याकडे एकदा नीट बघायच्या, मग कापायच्या.

त्या दिवशी त्यांनी तबीथाच्या कपाळावर हात ठेवला, डोळे पुसले, प्रार्थना केली. प्रार्थना चांगली केली. मग माझ्याजवळ आल्या.

"दाविदराव, टोले किती?"

"एकाहत्तर."

"एकाहत्तर," त्या म्हणाल्या. "मी तिसरीत होते ना, तेव्हा बोर्डिंगात एक तबीथा होती. माझी वेणी घालून द्यायची. फार ओढून घालायची."

"ती दुसरी तबीथा."

"हीही हेच म्हणायची. मी हिशेब केला दाविदराव. एकाहत्तर खरं धरलं तर माझी वेणी तीन वर्षांच्या पोरीने घातली."

"बाई, आज हा विषय कशाला?"

"आज नाही तर कधी? आज घंटाच सांगणार आहे," असं म्हणून त्या बायकांत जाऊन बसल्या.

मला राग आला. बाई मेलेली, आणि हिला वेणी आठवतेय.

साडेदहाला पाळक आले. रेव्हरंड सुहास घाटविसावे. बत्तीस वर्षांचे, नवीन, आणि भलतेच व्यवस्थित. आजूबाजूच्या गावांतली लहान चर्चं बंद पडली तेव्हा तिथल्या जुन्या नोंदवह्या आमच्या पाळकांच्या बंगल्यात आणून टाकल्या होत्या. आधीच्या चार पाळकांनी त्यांच्यावर कुंड्या ठेवल्या. यांनी त्या पुसल्या, उन्हात घातल्या आणि संगणकावर चढवायला घेतल्या. माझ्या मते कुंड्या बऱ्या होत्या.

"काका, जरा आत येता?" ते म्हणाले.

आतल्या खोलीत गेलो. त्यांनी दार लावलं आणि पिशवीतून एक वही काढली. निळ्या शाईतलं जुनं अक्षर. त्यांनी बोट ठेवलं तिथे मी चष्मा लावून वाचलं. तबीथा, याकोब गायकवाड यांची कन्या. जन्म चार ऑगस्ट एकोणीसशे पस्तीस. बाप्तिस्मा त्याच वर्षी, सप्टेंबरात.

"ही दुसरी तबीथा," मी म्हणालो.

"बापाचं नाव याकोब, आईचं सुंदरा, गाव पिंपळदरा. काकूंचंच ना?"

मी चष्मा पुसून तीच ओळ पुन्हा वाचली.

"मी ओळींवर ओळी तपासल्या, काका. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या."

मी मनात वजाबाकी केली. मग पुन्हा केली. माझी बायको माझ्याहून लहान नव्हती. तीन वर्षांनी मोठी होती. एक्कावन्न वर्षं मी तिला अगं म्हणत होतो आणि ती मला अहो. बसमध्ये मी तिला म्हणायचो, तू उभी राहा, तू तरुण आहेस, आणि ती उभी राहायची.

"असं कसं होईल, मी विचारतो तिला," असं म्हणून मी दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीत गेलोसुद्धा. तिथे ती पांढऱ्या साडीत झोपवलेली होती, डोक्याशी मेणबत्ती. बायका माझ्याकडे बघू लागल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा पाय निघत नाही. मी मेणबत्ती सरळ केली आणि परत आत आलो.

"मला तरी सांगायचं होतं तिने," मी पाळकांना म्हणालो.

"टोल्यांचं काय करायचं, काका?"

"एकाहत्तर द्या."

"खोटे टोले मी देणार नाही. वही बघितली नसती तर दिले असते. आता बघितली आहे."

"मग देऊच नका."

"तसंही करता येईल. पण टोले कुणाला देत नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. ज्याला मंडळीतून काढलं असेल, त्यालाच नुसता उचलून नेतात. तबीथाची पेटी मुक्याने फाटकातून आत गेली असती तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्यात झालं असतं की मेट्रनबाईंनी असं काय केलं होतं. आणि अठ्ठ्याहत्तर दिले असते तर मग काय, एस्तेरबाई होत्याच. जी गोष्ट या बाईने नवऱ्यालाही सांगितली नाही, ती तिच्याच पेटीवर उभं राहून सगळ्या गावाने बोटांवर मोजली असती आणि स्मशानातून परतताना हसत गेलं असतं. मी तिच्यावर भयंकर चिडलो होतो. पण तिला हसायचा हक्क असला तर माझा होता, गावाचा नव्हता.

"चारला अजून वेळ आहे. विचार करा," पाळक म्हणाले. "काही सुचलं तर मला सांगा. खरं असेल ते सगळं मी करीन."

साडेबाराला करुणा आली. ती आईला बिलगून रडली, मग तोंड धुतलं आणि वही-पेन घेऊन बसली. आमच्याकडे उपासनेत मयताचं जीवनवृत्त वाचतात, ते घरच्या कुणी तरी लिहायचं असतं.

"आप्पा, सांगा. जन्म चार ऑगस्ट बेचाळीस."

मी तिला आत नेलं आणि वहीतलं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली.

"म्हणजे माझ्या वेळी आई अठ्ठावीसची नव्हती?"

"पस्तीसची होती."

"दवाखान्यात अठ्ठावीस लिहिलंय. मी तो कागद बघितलाय. डॉक्टरांनासुद्धा खोटं सांगितलं?" ती नर्स आहे, तिला तेच मोठं वाटलं. मग तिच्या खांद्याला हिसके बसू लागले. मला वाटलं रडतेय. ती पदर तोंडात धरून हसत होती. "आप्पा, मी गुडघ्याचं ऑपरेशन नको म्हणत होते, तर म्हणाली, माझं वय काय झालंय, हाडं अजून जून झालेली नाहीत."

"तू हसतेस, पण मला तरी सांगायचं होतं ना?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे सगुणावैनी आलेल्या माणसांसाठी कोरा चहा उकळत होत्या. मला बघून त्यांनी पाठ फिरवली आणि आधीच उकळलेल्या चहात आणखी साखर टाकली. पाठ फिरवली तेव्हाच मी ओळखलं.

"वैनी, तुम्हाला ठाऊक होतं."

"काय?"

"पस्तीस साल."

त्यांनी गॅस बारीक केला.

"दाविदा, तिने काही खोटं सांगितलं नाही. मी सांगितलं."

"तुम्ही?"

"तुझी आई मुलगी बघायला आली होती ना पिंपळदऱ्याला. म्हणाली, माझा मुलगा चोवीसचा, मला चार वर्षांनी लहान सून हवी, एक दिवस जास्त चालायचा नाही. मुलीचं वय काय? तुझी आई कसे डोळे काढायची आठवतंय? माझ्या तोंडून वीस निघालं. मी चोवीस म्हणणार होते. घाबरले. तबीथा समोर मान खाली घालून बसली होती. तिने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. झालं."

"आणि खरं सत्तावीस."

"सत्तावीस."

"सत्तावीसची असून तोवर लग्न का नव्हतं केलं?"

"कधी करणार? तेराची होती तेव्हा आई मेली. बाप पुस्तकं विकत गावोगाव फिरायचा. मागे चार भावंडं, धाकटं दुधाचं. तिने बोर्डिंग सोडलं आणि घरी येऊन बसली. चौघांना मोठं केलं, धाकट्याला शाळेला लावलं, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, सगुणे, आता माझं बघ. तेव्हा ती उंचीने एवढीशी होती म्हणून बरं. वीस म्हटलं तर वीस खपली."

"भावंडांचं मला ठाऊक आहे. ती म्हणायची, मी त्यांना सांभाळलं."

"सांभाळलं म्हणायची, पण कोणत्या वयापासून ते म्हणायची नाही. तू कधी जमवून बघितलंस का? तुझ्या हिशेबाने तिने सहाव्या वर्षी तान्हं पोर वाढवलं."

खरंच, मी कधी जमवून बघितलं नव्हतं. धाकटा मेहुणा माझ्या लग्नात चौदा वर्षांचा होता, मिशा फुटलेला, आणि तिला आईच म्हणायचा. मला वाटायचं, लाडाने म्हणतो.

"मग पुढे तरी सांगायचं," मी म्हणालो. "लग्नानंतर, पोर झाल्यावर, आई वारल्यावर."

"दरवर्षी म्हणायची, या ऑगस्टात सांगते. ऑगस्ट आला की म्हणायची, आता इतकी वर्षं झाली, आता कसं सांगू. पन्नास ऑगस्ट गेले असे."

चहा ऊतू गेला. दोघांनीही तो तसाच जाऊ दिला.

"ते राहू दे," वैनींनी डोळे पुसले. "त्या एस्तेरला आज मोजू द्यायचं नाही, एवढं बघ."

"पाळक ऐकत नाहीत. ते खरेच टोले देणार."

"देऊ दे ना खरे. टोले देणं पाळकाचं काम. ऐकू येणं आपल्या हातात आहे."

"म्हणजे?"

"टोले पडताना भजन लावायचं. ढोलकी, टाळ, सगळं. आणि पुढे गायला एस्तेरला उभं करायचं. बाई एक तर गाईल नाही तर मोजेल."

मी पाळकांकडे गेलो. ते चर्चमध्ये बाकं पुसत होते. मी विचारलं, "टोले पडताना गप्पच बसलं पाहिजे असं कुठे लिहिलंय का?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. या माणसाने मंडळीचा सगळा नियम वाचलेला होता, तो त्यांनी मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"नाही," ते म्हणाले. "कुठेच नाही. तशी सवय आहे इतकंच."

"मग टोल्यांच्या वेळी महिला मंडळ गाईल."

"मी अठ्ठ्याहत्तर देईन. मोजून देईन. एकही कमी नाही." ते पुन्हा बाक पुसू लागले. बराच वेळ एकच जागा पुसत होते. "कुणाला ऐकू आले नाहीत तर त्याला मी काय करणार?"

आता एस्तेरबाईंना पटवायचं होतं, आणि ते काम मलाच करायचं होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, एक विनंती आहे. टोले पडताना तुम्ही गावं. तबीथाचं आवडतं गीत."

"टोल्यांच्या वेळी?" त्यांनी डोळे बारीक केले. "टोल्यांच्या वेळी शांतता असते."

"पाळकांनी परवानगी दिली आहे."

"सगुणा गाईल."

"सगुणावैनींचा आवाज बसलाय. आणि तबीथाला तुमचाच आवाज आवडायचा."

"कधी म्हणाली?"

"मरेपर्यंत म्हणाली नाही. पण आवडायचा."

हे खरं होतं की नाही ते मला माहीत नाही. पण एस्तेरबाईंचा चेहरा बदलला. पन्नास वर्षं दोघी एकाच चर्चमध्ये गात होत्या, आणि तबीथाने त्यांना एकदाही बरं म्हटलं नव्हतं, हे खरं. त्या पदर खोचत उठल्या.

"ढोलकी नीट लावून घ्या म्हणावं," त्या म्हणाल्या.

पावणेचारला आम्ही पेटी उचलली. सुताराकडे तयार पेटी होती ती साडेपाच फुटांची, आणि तबीथा तिच्यात कोपऱ्यात ठेवल्यासारखी दिसत होती. करुणाने पायाशी तिची जुनी रजई घडी करून ठेवली. वाट दोनशे पावलांची. बोर्डिंगच्या जुन्या मुली आल्या होत्या, आता स्वतःच आज्या झालेल्या, आणि पेटी समोरून गेली तेव्हा त्यांनी सवयीने पदर सारखे केले.

फाटकात आलो. पाळकांनी दोर हातात घेतला. एस्तेरबाईंनी ढोलकीवाल्याकडे बघून मान हलवली, आणि पहिला टोला पडला त्याच क्षणी गीत सुरू झालं.

पहिल्या कडव्यापर्यंत सगळं ठीक होतं. एस्तेरबाईंचा आवाज खरंच चांगला होता. दुसऱ्या कडव्यात मी बघितलं, त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून सरकत होता. गात होत्या आणि मोजतही होत्या. मग सगळ्यांकडे बघितलं. सगळेच तसे. तोंडाने गीत, हाताने पेरं. त्याचा परिणाम असा झाला की गीत हळूहळू घंटेच्या मागे जायला लागलं. टोला पडला की सगळे एक शब्द म्हणायचे आणि थांबायचे. ढोलकीवाल्याला हे सहन झालं नाही. तो तापट होता. त्याने लय दुप्पट केली. मंडळी दचकली आणि त्याच्यामागे धावली. टाळ पुढे, आवाज मागे, कुणी तिसऱ्या कडव्यात, कुणी चौथ्या. गीत पाच कडव्यांचं. ते संपलं, घंटा संपेना. एस्तेरबाईंनी धापा टाकत पुन्हा पहिलं कडवं धरलं. मागच्या रांगेत कुणी तरी मोठ्याने "बेचाळीस" म्हणालं आणि त्याच्या बायकोने तितक्याच मोठ्याने "सत्तेचाळीस" म्हटलं. सगुणावैनी, ज्यांचा आवाज बसला होता, त्या दोन्ही टाळ डोक्यावर धरून वाजवत होत्या. इतक्या जोरात तर त्यांनी नाताळलाही वाजवले नव्हते.

मी गात नव्हतो. मी पेटीला हात लावून उभा होतो आणि मोजत होतो. आकडा मला आधीच माहीत होता, तरी मोजत होतो. एकाहत्तरपर्यंत ती माझी होती, मला माहीत असलेली. पुढचा टोला पडला, बहात्तर. मग त्र्याहत्तर. हे ते सात होते. त्या सात वर्षांतली एक बाई एक्कावन्न वर्षं माझ्या घरात राहत होती आणि मी तिला ओळखत नव्हतो. लग्नाआधीची, पिंपळदऱ्याची, काखेत पोर घेऊन चूल फुंकणारी. सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. पाळकांनी दोर सोडला. त्यांच्या ओठांवर आकडा होता तो मी बघितला. बरोबर होता.

गीत आणखी दीड कडवं चालूच राहिलं, कारण घंटा थांबल्याचं कुणाला कळलंच नाही.

उपासनेत करुणाने जीवनवृत्त वाचलं. "आमच्या आईचा जन्म चार ऑगस्ट रोजी पिंपळदरा इथे झाला," ती म्हणाली आणि तशीच पुढे गेली. पुढच्या बाकावर एस्तेरबाई खोकल्या. करुणाने थांबून त्यांना पाणी द्यायला सांगितलं आणि वाचत राहिली. तेराव्या वर्षी आई गेली, चार भावंडं वाढवली, हे तिने वाचलं. ते आधी कुणी असं सलग ऐकलं नव्हतं. धाकटा मेहुणा दुसऱ्या रांगेत होता, पासष्ट वर्षांचा. तो मोठ्याने रडला.

स्मशानातून परतताना माझ्या मागे बोलणं चाललं होतं. कुणाला एकोणसत्तर आले होते, कुणाला चौऱ्याऐंशी. ढोलकीवाला शपथेवर एकशेतीन म्हणत होता. त्यावरून दोघांत जुंपली आणि पाळकांना विचारायचं ठरलं. पाळक म्हणाले, "मी बरोबर दिले," आणि सायकलवर बसून निघून गेले.

एस्तेरबाई माझ्याबरोबर घरापर्यंत आल्या. फाटकाशी थांबल्या.

"मला एकाहत्तरपर्यंत नीट लागले होते," त्या म्हणाल्या. "मग ढोलकीने घात केला. पण त्यानंतरही पडले, दाविदराव."

"पडले असतील."

"एवढंच सांगा. केक कुणाचा होता?"

"केक तुमचाच, बाई. तिला साखर होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाताळच्या सुरीच्या वेळी तबीथाकडे बघायच्या तसंच. मग म्हणाल्या, "वेणी मात्र चांगली घालायची," आणि गेल्या. त्या वर्षी त्यांनी केक कापला, पण पहिला तुकडा बशीत ठेवून आमच्या घरी पाठवला. तेव्हापासून दरवर्षी पाठवत होत्या. दोन हजार एकोणीसला त्याही गेल्या. घंटेने ब्याऐंशी दिले, आणि सगळ्यांना ते बरोबर मोजता आले.

आता दहा वर्षं झाली. त्या दिवशी मी चार वेळा म्हणालो होतो, मला तरी सांगायचं होतं. पाळकांना म्हणालो, करुणाला म्हणालो, सगुणावैनींना म्हणालो, आणि सगळे गेल्यावर एकदा तिच्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो. खुर्चीला म्हणताना मध्येच थांबलो.

मी एकोणीसशे अडतीसचा नाही. एक्केचाळीसचा आहे. दवाखान्याला मोटारीवर माणूस हवा होता, वीस वर्षं पुरी झालेला. मी सतराचा होतो आणि मला मिशा लवकर आल्या होत्या. वीस सांगितलं, साहेबाने लिहून घेतलं, लायसनवर तेच आलं. आईला खरं ठाऊक होतं. तिनेच पिंपळदऱ्याला जाऊन, डोळे काढून, माझा मुलगा चोवीसचा म्हणून सांगितलं. मी एकवीसचा होतो. तबीथा सत्तावीसची. आपण नवऱ्याहून तीन वर्षांनी मोठ्या आहोत, हे लपवत ती जन्मभर राहिली. ती सहा वर्षांनी मोठी होती, आणि हे तिला कळलंच नाही.

मलाही दरवर्षी वाटायचं, या वर्षी सांगू.

पाळकांना सांगायला हवं. नाही तर माझ्या वेळी तीन टोले जास्त पडतील. दोनदा बंगल्याच्या दारापर्यंत जाऊन आलो, अजून सांगितलेलं नाही. तिला सांगायचं तर राहूनच गेलं.